चाळणीचा उजेड

४ ऑक्टोबर, सोमवार

— आणि नळी उचलली तेव्हा ती अजून गरम होती. फडक्यातूनही चटका बसला. सोडली नाही. सोडली असती तर तीन वर्षं फरशीवर.

पुढच्या काचेवर चंदेरी साय धरली आहे. नळीत भरलेला रुबिडियम धातू. ही नळी म्हणजे आमची चाळणी: स्फटिकातून प्रकाशाचा एकेक कण सुटतो, नळीतले गरम अणू ठरावीक एकाच रंगाला पुढे जाऊ देतात, बाकी सगळं अडतं. आता काहीच पुढे जात नाही.

५ ऑक्टोबर

काचवाल्या काकांकडे गेले. नळी त्यांनीच फुंकलेली. खिडकीपाशी धरून बघितली.

"दोन्ही हीटर एकदम बंद करतेस ना?"

"हो."

"सांगून सांगून जीभ झिजली माझी. आधी शेपटी गार होऊ दे, डोळे शेवटी."

शेपटी म्हणजे धातू साठतो ते टोक, डोळे म्हणजे दोन्हीकडच्या काचा. डोळे आधी गार झाले की धातू तिथेच जाऊन बसतो. मला रोज निघायची घाई.

साय ज्योतीवर उतरवून बघतो म्हणाले. काच तडकू शकते. "तडकली तर दुसरी मागू नकोस. तोवर माझी भट्टी असेल की नाही कोण जाणे."

तेरा तारखेला समिती येते आहे. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही तर काचशाळा बंद, काका घरी. "सुनेच्या पायात येत राहीन दिवसभर." हसले नाहीत.

६ ऑक्टोबर

साय उतरली. काच शाबूत.

९ ऑक्टोबर

नळी बसवली. मोजणी सुरू केली. सेकंदाला नव्वद कण. मार्चमध्ये लेख पाठवला त्यातही नव्वदच. बरं वाटलं, चहा पिऊन आले.

परत येऊन बघते तर स्फटिकाचा लेसर लावलेलाच नाही. तो नसेल तर स्फटिकातून एकही कण सुटत नाही.

लावला. एक्याण्णव.

१० ऑक्टोबर

स्फटिकाभोवतीचे आरसे जागेवर धरून ठेवायला एक दुसरा, मंद लेसर सतत चालू असतो. नेमका त्याच रंगाचा. त्याचा थोडा उजेड निसटून नळीत शिरतो आणि आतले अणू स्वतःच चमकतात. चाळणीच चमकत होती. आम्ही तीच मोजत होतो.

मार्चमध्ये प्रकल्प चालवणाऱ्या मॅडमनी विचारलं होतं, "स्फटिक बंद, आरशांचा लेसर चालू — असं मोजून घेतलंस ना?" त्याला अख्खा दिवस जातो. मी सगळंच बंद करून दहा मिनिटं मोजलं होतं. हो म्हटलं.

आज दिवसभर तसंच मोजलं. नव्वदच.

१२ ऑक्टोबर

मॅडमना सांगायला गेले. खोलीला कुलूप. समितीला आणायला गेल्या आहेत.

काका जिन्यात भेटले. उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट आणून ठेवलाय. "काय म्हणतंय आपलं पोर?" म्हणजे नळी. मान हलवली. होकारार्थी हलली.

उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही: मी मोजलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

समितीतल्या वयस्कर बाईंनी नेमका मॅडमचाच मार्चमधला प्रश्न विचारला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. काका दाराशी उभे होते. मी हो म्हणाले. दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.