न्यायाधीशबाईंची वही

४ मार्च, मंगळवार
न्यायाधीश. मी! एकेचाळीस वर्षांत नर्स अकरा वेळा, मोटेलवालीण, टॅक्सीवाल्याची बायको, मेलेल्या मुलाची आई चार वेळा (एकदा तो 'मुलगा' माझ्याहून म्हातारा दिसत होता). आणि आता बहात्तराव्या वर्षी जज हॅना कोल. अख्खं नाटक मी खुर्चीत, बाकी सगळे उभे.
ऑडिशनला सवयीने विचारलं, ॲक्सेंट हवा का? दिग्दर्शक ईथन म्हणाला, "का?" इतकी वर्षं ह्या अमेरिकन लोकांना जो 'इंडियन' ॲक्सेंट विकला तो आमच्या लुधियानाच्या घरमालकिणीचा होता. बिचारीला कधी कळलं नाही.
घरी येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होते.

६ मार्च, गुरुवार
वही सुरू केली. इंग्रजी संवाद देवनागरीत, श्वास घ्यायचा तिथे लाल रेघ. पहिल्या नाटकापासून हीच पद्धत. इंग्रजी अक्षरं अर्थ सांगतात, तोंड कसं उघडायचं ते सांगत नाहीत.
व.राव संध्याकाळी आले. शेजारचे वसंतराव, मराठी मंडळाच्या नाटकांना वीस वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग केलेले. वकील, साक्षीदार, आरोपी सगळे एकाच सुरात वाचतात, भाजीची यादी वाचावी तसे. मी अडले की फक्त पहिला शब्द फेकतात. दुसरा मागितला की चिडतात.

११ मार्च, मंगळवार
पुन्हा नवी पानं. लेखिका रोज संवाद बदलते आणि सकाळी पाठवते. वहीत उतरवायला वेळ कुठे?
दुसऱ्या अंकातलं निकालाचं भाषण. तालमीत खुर्चीत बसून सुरू करायला गेले आणि काही नाही. जुनं भाषण स्पष्ट आठवत होतं, नवं मुळीच नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मेले.

१२ मार्च, बुधवार
रागात लिहितेय, अक्षर वाईट येईल.
स्टेज मॅनेजर ब्रेंडाने माझी उघडी वही पाहिली. जेवणानंतर एक अतिशय गोड मुलगी शेजारी येऊन बसली. सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, अवघड शब्द समजावून देऊ का? 'लँग्वेज सपोर्ट' म्हणे! मी तिला पहिला अंक सगळ्यांच्या संवादांसकट तोंडपाठ म्हणून दाखवला. बिचारी पाणी आणायला गेली ती परत आलीच नाही.
मग ईथन. "सुमन, तुला इंग्रजी वाचायला त्रास होतो हे आम्हाला माहीत नव्हतं." वही त्याच्यापुढे धरली. हे वाचता येतं तुला? नाही म्हणाला. "मग त्रास तुला आहे," म्हटलं.
हसला. पण मग मुद्द्यावर आला. कानात छोटं यंत्र बसवू, ब्रेंडा ओळी सांगत राहील, मोठेमोठे नट लावतात. मी नाही म्हटलं. मग त्याने अट घातली: एकवीस तारखेच्या पहिल्या प्रयोगाआधी एकदा तरी कागदाशिवाय पूर्ण तालीम, नाहीतर बदली नटी डायना खुर्चीत बसेल. डायना चांगली आहे. तोच तर ताप आहे.

१५ मार्च, शनिवार
रेवाचा फोन, फ्रिस्कोहून, तिच्या घरून. "आई, यू डोन्ट हॅव टू प्रूव्ह एनिथिंग. गेस्ट रूम तयार आहे." आधी मलाच बोलतं करून सगळं काढून घेतलं होतं, मग हे. "डॉक्टरला दाखवलंस?"
दाखवलं. वयाच्या मानाने ठीक म्हणतात. वयाच्या मानाने म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही.
भीती वाटते. इथे लिहून ठेवते, रेवाला सांगणार नाही. पण भीती वाटते म्हणून खुर्ची सोडू? ट्रे घेऊन आत येणाऱ्या बायकांच्या भूमिका सोडल्या असत्या तर ठीक. ही नाही सोडणार.

१९ मार्च, बुधवार
कागदाशिवाय पूर्ण तालीम झाली. दोनदा अडले, तशीच ओढून नेली, पण झाली. ईथन "ओके" म्हणाला. लगेच तीन नवी पानं. निकालच बदलला. तोही वहीत उतरवला.
व.राव म्हणाले, "सुमनताई, वही मिटा."
"अडेन मी."
"अडा की! मंडळात अर्धे लोक अडायचे. अडणारा पडत नाही हो, घाबरणारा पडतो. अडल्यावर बसायचं कसं तेवढं ठरवा."
त्यांच्या बटाटेवड्यांइतकाच त्यांचा सल्लाही जड असतो. पण वही मिटली.

२२ मार्च, शनिवार, सकाळ
काल पहिला प्रयोग. डायना विंगेत उभी, व.राव तिसऱ्या रांगेत.
निकालाचं भाषण आलं. तोंड उघडलं आणि पाटी कोरी.
चष्मा काढला. गाऊनच्या बाहीने पुसला, सावकाश, दोन्ही काचा. मग वकिलाकडे बघत राहिले. बघतच राहिले. त्याने टाय सरळ केला. "काउन्सेल, सिट डाउन," मी म्हटलं. हे संहितेत नाही. तो इतका घाबरला की खरंच बसला. आणि तेव्हा वहीतलं पान दिसलं, लाल रेघेसकट. सगळं भाषण धडाधड आलं.
ईथनच्या डोळ्यांत पाणी. "तो पॉज! सुमन, तो रोज हवा!" मी नुसती मान हलवली.
पार्किंगमध्ये व.रावांना विचारलं, कळलं ना तुम्हाला? "अकरा सेकंद. पहिला शब्द ओठांवर आणून बसलो होतो." मग टाकला का नाही? "तुम्ही मागितला नाहीत."
रेवाचा मेसेज: दुपारी पोचते, आजच्या प्रयोगाला येईन. मला बघायला की मला घेऊन जायला, विचारलं नाही. तिकीट पहिल्या रांगेतलं काढलंय, तिच्या चेहऱ्यावरून मला समजेल.
आजही चष्मा पुसणार. पुसताना शब्द आठवत असतील की नसतील, ते त्या क्षणापर्यंत मलाही कळणार नाही. वही घरी ठेवतेय. खुर्चीत मी असेन, आणि वकील उभा असेल.