चष्म्यातील दुकानातून सुटका मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
स्मृती-पुनर्वसन कक्ष,
हृदयरोग रुग्णालय.

विषय: व्हीआर चष्म्यातील दुकानातून मुक्तता मिळण्याबाबत.
संदर्भ: माझ्या कागदावरील आपला शेरा, "रुग्ण सूचना पाळत नाही."

महोदय,

मी खाट क्रमांक चौदावरील रुग्ण, धंद्याने किराणा दुकानदार, अनुभव एक्केचाळीस वर्षे. बायपासनंतर विसराळूपणा आल्याने आपण मला रोज तो चष्मा लावता. त्यात एक दुकान दिसते. यादीतील सहा वस्तू उचलायच्या आणि दाराबाहेर पडायचे. सलग तीन वेळा जमले की घरी सोडतात, असा आपला नियम आहे.

२. आजवर सतरा वेळा नापास झालो. कारण असे, की त्या दुकानात चहाच्या पुड्यांना खेटून साबण मांडला आहे. अहो, चहाला साबणाचा वास लागतो, हे शेंबडे पोरही सांगेल! मी आधी साबण हलवतो, मग वरच्या फळीवरचे जड डबे खाली घेतो, तोवर वेळ संपल्याची घंटा वाजते. नर्सबाई म्हणतात, "आजोबा, तुम्ही इथे गिऱ्हाईक आहात." साबण हलवावा तर नापास, न हलवावा तर हात शिवशिवतात. इकडे आड, तिकडे विहीर.

३. नापास झालो की आपण सराव वाढवता. आता चष्मा काढला तरी मी दुकानातच असतो. काल शेजारच्या खाटेवरील मास्तरांनी पाणी मागितले, तर मी विचारले, "पिशवी आणलीय का?" ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

४. येथवर तक्रार झाली. पुढचे मुलालाही सांगितलेले नाही. रविवारी भेटीच्या वेळी एक बाई खाटेजवळ येऊन बसल्या. मी म्हणालो, "बोला, काय देऊ?" त्या म्हणाल्या, "पाव किलो साखर द्या." मी उशीखाली तराजू शोधू लागलो. त्यांनी माझा हात धरला, तेव्हा कळले की ही माझी बायको. साहेब, मला फार भीती वाटली.

५. सबब मुक्ततेची मागणी मी मागे घेतो. सराव हवा तितका घ्यावा. फक्त चष्म्यातून ते दुकान काढून तेथे आमचे स्वयंपाकघर घालावे आणि ओट्यापाशी तिला उभी करावी. मी रोज नावाने हाक मारीन. हाक चुकली तर खुशाल नापास करावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
खाट क्रमांक १४
दिनांक: ९ मार्च

सोबत: पत्नीचा फोटो, एक. मागे तिचे नाव आहे. ते तिनेच लिहून दिले.