नाही म्हणणारी गाडी

१२ एप्रिल

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी बाहेर काढायचं रद्द. कारण — गाडीला तोंड नाही.

मोठे शेठ, दलिचंदशेठ, आज पहिल्यांदाच कारखान्यात आले. आमच्या इलेक्ट्रिक पिकअपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मुलाला म्हणाले, "रोनक, हार कुठे अडकवायचा?" मी समजावलं की आत तापणारं इंजिनच नाही, म्हणून पुढे जाळी लागत नाही. ते म्हणाले, "नसू दे बेटा इंजिन. पूजा तर होणार ना?"

जाळी बसवायची ठरली. शोभेची.

२० एप्रिल

जाळी आली. ट्रकची आहे. बोनेटपेक्षा रुंद. आता बोनेट बदलणार.

९ जून

धुळ्याचे डीलर तोतारामभाऊ गाडी चालवून गेले. तक्रार एकच — आवाज नाही. "गिऱ्हाईक चावी फिरवणार, काही ऐकू येणार नाही, मग मला फोन करणार. दिवसभर मी तेच करू का?"

उपाय निघाला: आत स्पीकर बसवून डिझेल इंजिनाचा आवाज वाजवायचा. मी रागाने विचारलं, मग धूरही सोडायचा का? रोनकशेठ विचारात पडले. "खर्च किती येईल?"

१० जून

माझं एक काम मात्र मंजूर झालं! वजनाचं कुलूप. हौद्यात टनापेक्षा जास्त माल भरला की लाल दिवा लागतो आणि गाडी जागची हलत नाही. जास्तीचा माल उतरवला की निघते. बस, एवढंच.

माझे वडील, आबा, दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर आहेत. केळी वाहतात, रावेर ते जळगाव, नेहमी दुप्पट भरून. मागची बाजू इतकी दबलेली असते की पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकतात. ते घरी येईपर्यंत आई ओट्यावर. आमच्या गावात, असोद्यात, लहानपणापासून हेच बघत आले. घरातली पहिली पदवी माझी, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा.

जेवताना आबांना सांगितलं. हसले. "गाडी शे का मास्तर?"

३० ऑगस्ट

इंजिनाचा आवाज बसला. गाडी बंद केली तरी तो बंद होत नाही. लीलाधर फिटर कानात कापूस घालून डबा खातो. मी काही विचारलं की म्हणतो, "ताई, जोरात बोला, गाडी उभी आहे."

२ ऑक्टोबर, दसरा

आज गाडी सगळ्यांना दाखवायची होती. हौद्यात बरोबर एक टन केळी, माझ्यासमोर मोजलेली. जाळीला झेंडूचा हार. मोठ्या शेठनी केळीच्या घडांना कुंकू लावलं. सगळं छान चाललं होतं.

तेवढ्यात शेठचे जावई अर्हम फोटो काढायला हौद्यात चढले. त्यांच्या मागे त्यांचे मित्र. लाल दिवा लागला. गाडी नुसतीच घुरघुरत उभी.

मी म्हणाले, पाहुण्यांनी फक्त उतरायचं आहे. रोनकशेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बहिणीचा नवरा आहे. सणाच्या दिवशी जवाईसांना खाली उतर म्हणू?" मग थोडे घड उतरवा, म्हटलं. ते मोठ्या शेठना चालेना. "पूजेचा माल आहे. वेशीबाहेर पडल्याशिवाय हात लावायचा नाही."

जावईसुद्धा उतरेनात. वरून म्हणाले, "मी उतरलो तर लोक म्हणतील, माझ्याच वजनाने अडली." मित्रही उतरेनात, कारण जावई वर होते. ऊन चढलं. वर चहा पोचवला गेला. एकाने हळूच पूजेचं केळं सोलून खाल्लं. मला वाटलं, असंच चालू दे, संध्याकाळपर्यंत वजन आपोआप कमी होईल.

शेवटी शेजारून ट्रॅक्टर आणला. आमची गाडी दोराने ओढत गेटबाहेर काढली — वर जावई हात हलवताहेत आणि खाली आमचा स्पीकर इंजिनाचा आवाज काढतोय. लोकांना ट्रॅक्टरचाच वाटला.

तोतारामभाऊ न जेवता धुळ्याला गेले.

४ ऑक्टोबर

रोनकशेठनी बोलावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. "मृणाली, मालकाला नाही म्हणणारी गाडी कोण घेईल? कुलूप काढ. चाचणीच्या अहवालावर तुझी सही लागेल." मी म्हटलं, सर, ते माणसं वाचवण्यासाठी आहे. "माणसं नंतर. आधी गाडी तर विकू दे." सही केली नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.

९ ऑक्टोबर

सही केली नाही. आईला काही सांगितलं नाही. ती शेजारणीला सांगत होती, "आमची मृणाली गाड्या बनवते." खोलीत जाऊन बसले.

१३ ऑक्टोबर

सही केली. गाडी आता दोन टनांनाही चालते. लाल दिवा तेवढा लागतो. तोतारामभाऊ फोनवर म्हणाले, "आता झाली गाडी!"

१५ ऑक्टोबर

आबा आज कारखान्यात आले. मला काही न सांगता, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वतःची गाडी घ्यायची म्हणाले. रोनकशेठ जाळी दाखवायला लागले, तर त्यांना थांबवून म्हणाले, "माले ती नही म्हननारी गाडी पाहिजे. व्यापारी अजून टाक म्हनस, माले नही म्हनता येत नही. ते गाडी म्हनी."

शेठ माझ्याकडे बघत राहिले.

मी परवाच तिला हो म्हणायला शिकवलं.