आजीला सोडून कुठे जायचं

प्रिय सार्गिलाना,

तुझा निरोप गाव्रिलने शब्दन्शब्द पोचवला. नदी गोठून रस्ता पक्का झाल्यावरचा हा त्याचा पहिला ट्रक. पीठ, डिझेल, औषधं आणि तुझं फर्मान असं सगळं एकदमच आलं. दारातूनच ओरडला, "मावशी, सामान बांधा! लेकीने बजावलंय, आईला पुढच्या सीटवर हीटरपाशी बसवून आण, आणि तिची कारणं ऐकत बसू नकोस." तू माझ्यासाठी खोली तयार केलीस, भिंतींना निळा कागद लावलास, नळाला गरम पाणी येतं, तेही त्याने सांगितलं. गरम पाण्याचं सांगताना त्याचे डोळे असे लकाकले की मला वाटलं, हाच राहायला जातोय. फोनवर मी नुसतं "बघू" म्हटलं होतं, त्याचा तू "हो" करून टाकलास. फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून कागदावर सगळं क्रमाने लिहिते आहे. आधी शेवट वाचायची तुझी खोड आहे, ती या वेळेपुरती आवर.

आधी मनगटाचं सांगते. तळ्यावर पाणी काढायच्या भोकापाशी मी घसरले, तेव्हापासून तू मला काचेचं भांडं समजायला लागलीस. हाड नीट जुळलंय. इंजेक्शन देते, टाके घालते, परवा तर उइबान आजोबांचा शेवटचा हट्टी दातही मीच उपटला. आता ते बोळक्या तोंडाने गावभर माझी तक्रार करत हिंडतात. "साखळदंडाने बांधून उपटला असता तरी एवढं दुखलं नसतं," म्हणतात. बादली तेवढी डाव्या हाताने उचलते, ते खरं आहे. पहाटे उठून चूल पेटवताना गुडघे कुरकुरतात, तेही खरं आहे. तू काळजी करतेस ती उगीच नाही. मी काही तुला वेडी ठरवायला बसलेले नाही.

आता दवाखान्याचं. तो बंद होणार अशी कुजबुज तुझ्याही कानावर आली असेल. ती नुसती कुजबुज नव्हती. नोव्हेंबरात, आपण तळ्यावर बर्फाखालून जाळं ओढतो त्याच दिवसांत, उलूसच्या जिल्हा कचेरीतून आयताल नावाचा तरुण अधिकारी बर्फगाडीवरून आला. पोरगा आपल्यातलाच, पण शहरात वाढलेला. पायात पातळ बूट. भाषा समजते, पण बोलताना शब्द चाचपडतो. बिचारा मनाने चांगला होता. गावाची सभा बोलावून नकाशा भिंतीवर टांगला आणि म्हणाला, की आपला उलूस एखाद्या देशाएवढा आहे आणि माणसं मात्र तुझ्या याकुत्स्क शहराच्या चार-पाच इमारतींत मावतील एवढीच. इतक्या लांबच्या एकेका वस्तीला दवाखाना, शाळा, वीज कशी पुरवायची? दवाखाना हलवू, मग हळूहळू तुम्हीही केंद्राजवळ या, घरं मिळतील. मग उइबान आजोबा उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे बाळा, पण आजीला सोडून आम्ही कुठे जायचं?"

आयतालने लगेच पेन उघडलं. "आजींना सगळ्यात आधी नेऊ. हेलिकॉप्टर मागवतो. वय काय त्यांचं?" आजोबा म्हणाले, "माझ्या आजोबांनाही माहीत नव्हतं." "चालतात का?" "छे, हलत नाही जागची." "बोलतात?" "हिवाळ्यात कण्हते. वसंतात मात्र अशी ओरडते की खिडक्या हादरतात." आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पोरगा भलतंच समजून बसलाय, पण हसू दाबावं की बोलावं तेच सुचेना. आयताल काळजीने विचारतोय, "जेवण जातं का त्यांना?" आणि आजोबा अगदी गंभीरपणे, "दिलं ते खाते. मागल्या वर्षी ट्रॅक्टर गिळला." तिथे मात्र मागच्या बाकावर कुन्नेइ फिस्सकन हसली आणि सगळी सभाच फुटली. आपल्या तळ्याला आपण नावाने हाक मारत नाही, एबे म्हणतो, आजी म्हणतो, हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं. म्हणजे लहानपणी असेल, पुढे विसरला असेल.

पण हसण्यावारी गेलं नाही ते. आजोबांचं ट्रॅक्टरचं बोलणं म्हातारचळ समजून आयतालने मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "मावशी, अंथरुणाला खिळलेला, रोज देखरेख लागणारा रुग्ण गावात असेल, तर दवाखाना हलवता येत नाही. नियम आहे. तुम्ही फक्त हो म्हणा." गावाला वाऱ्याने खबर दिल्यासारखी ती गोष्ट पसरली. संध्याकाळपर्यंत तीन बायका माझ्याकडे येऊन गेल्या. "म्हण ना गं हो, तुझं काय जातं? आजी अंथरुणालाच आहे की, आणि वरून पांघरूणही आहे!" मला हसू आलं आणि रागही आला. अशा खोट्यावर दवाखाना किती दिवस चालणार? उद्या डॉक्टर तपासायला आला की तळ्याच्या छातीला नळी लावायची का? आणि खरं सांगू, मला अपमान वाटला. इतकी वर्षं मी इथे उभी आहे, आणि दवाखाना टिकवायला खोटी आजारी म्हातारी लागते!

दुसऱ्या दिवशी मी आयतालला तळ्यावर घेऊन गेले. "चल, रुग्ण दाखवते." माझे जुने फेल्टचे बूट त्याला दिले, नाहीतर पायाची बोटं तिथेच सोडून गेला असता. बर्फावर गाव जमलं होतं. माणसं इतकी कमी झालीत की जाळ्याचा दोर ओढायला आता बाया, मास्तर, सगळे लागतात. आजोबांनी आधी आजीला पुरीचे तुकडे वाहिले, दोन गोड शब्द बोलले. आयताल एकटक बघत राहिला. मग कान लालबुंद झाले त्याचे. म्हणाला, "माझी आजीसुद्धा असंच करायची. मी अगदीच गाढव आहे." आजोबा म्हणाले, "गाढव असलास तरी दोर ओढायला चालशील. ये." ओढला त्याने, दुपारभर ओढला, हाताला फोड आले. मासे सगळ्यांना सारखे वाटले तेव्हा त्याचाही वाटा काढला.

परतताना त्याने सरळ विषय काढला. "मावशी, खोटं नको तर खरं सांगतो. इथे यायला नवीन नर्स तयार नाही. तुम्ही राहणार असाल तर दवाखाना राहील, त्यासाठी मी भांडेन. तुम्ही गेलात तर मला भांडायलाही काही उरत नाही." पुढे कुन्नेइ चालली होती, पोटावर हात धरून, बर्फावर जपून पाय टाकत. तिचं पहिलंच बाळंतपण, वसंतात, नेमका बर्फ फुटायच्या वेळी. तेव्हा ना ट्रक चालतो ना होडी, आणि विमानाचं तर सगळं हवेच्या लहरीवर. तिने मागे वळून मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझ्या जन्माची गोष्ट. वादळात जन्मलीस एवढं तुला माहीत आहे. बाकीचं मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला इथून हलायचं तोंड राहिलं नसतं. मी तेव्हा गोठ्यावर कामाला होते आणि फेओदोरा दवाखाना सांभाळायची. ती थकली होती, मुलाकडे कायमची निघाली होती. तिची पेटी विमानात चढली होती, ती स्वतःही चढली होती. त्याच वेळी मला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि कुणीतरी धावत जाऊन तिला सांगितलं. ती उतरली. विमान तिची पेटी घेऊन गेलं, आणि मग वादळाने कितीतरी दिवस दुसरं येऊ दिलं नाही. तू पायाळू होतीस, गळ्याभोवती नाळ. तिच्या जागी दुसरं कुणी नव्हतंच. पुढे मला नर्सचं काम शिकायला पाठवलं तेही तिनेच, आणि मी परत येईपर्यंत ती इथेच राहिली. नंतर तर ती गेलीच नाही. टेकडीवर निजली आहे.

तर हे पत्र तुझ्या हातात देणारे उइबान आजोबा माझ्या सीटवर बसून आले आहेत, हीटरपाशी. त्यांना कवळी बसवायची आहे. निळ्या खोलीत त्यांना राहू दे, गरम पाण्याने आंघोळ घाल, आणि परतीच्या ट्रकने पाठव. मी येत नाही, सार्गिलाना. आयतालला माझा होकार कळवला आहे. कुन्नेइच्या नणंदेला मी शिकवायला घेतलंय, ती तयार होईपर्यंत मी इथून हलणार नाही. आजोबांसोबत पोत्यात आजीच्या बर्फाची लादी पाठवली आहे. बाल्कनीत ठेव आणि तिच्याच पाण्याचा चहा कर. तू चिडशील, रडशील, ते मला इथे बसून दिसतंय, आणि मलाही रडू येतंय. फेओदोराच्या मुलानेही कुठल्याशा शहरात तिच्यासाठी खोली रंगवली असेल गं, आणि विमानातून फक्त पेटी उतरलेली पाहिली असेल. त्याने तिला माफ केलं की नाही, मला कधीच कळलं नाही. तू मला कर.

इथे ठाम उभी असलेली,
तुझीच,
आई