खटक्याचा कार्बोरेटर

आष्टी, २ डिसेंबर २०२४

प्रिय सिराजभाई,

स. न. वि. वि.

तुम्ही फोन करता, मी उचलत नाही, राग नसावा. बोलायला काही सुचत नाही. माझी कारभारीण झुंबर वारून दीड महिना झाला. जेवतो, झोपतो. कल्याण अन् सूनबाई मीना काही विचारतात, मी मान हलवतो.

कामाचं लिहितो. येझदी मोटारसायकलचा कार्बोरेटर काढून एसटीनं तुमच्या गॅरेजला पाठवलाय. दुरुस्त करू नका. पेट्रोल वर येईपर्यंत त्याचा खटका दाबायचा, मग किक मारायची, हे एकट्याला होत नाही. खाली वाकलो की गुडघा धरतो. थंडीत खटका झुंबर दाबायची, किक मी मारायचो. पेट्रोलचं बोट माझ्याच बाहीला पुसायची, म्हणून सगळे सदरे डाव्या बाहीला डागाळलेले. नवा चोकवाला पाठवा. कोणाची गरज नको.

मैमूनाभाभींना नमस्कार. लोभ आहे तसा राहू द्या.

आपला,
रामराव

शहागड, ८ डिसेंबर

प्रिय रामराव,

सलाम अन् स. न. वि. वि.

पार्सल पोचलं. हल्लीच्या गाड्यांचा रबरी पडद्यावाला कार्बोरेटर तुमच्या म्हाताऱ्या इंजिनाला बराबर बसत नाही, तो सोडा. चोकवाला चांगला. दांडी ओढली की एका किकमध्ये गाडी चालू, पेट्रोलही कमी पितो. खटक्यावाला तुमच्यासारखाच, उठवल्याशिवाय उठत नाही. मेकॅनिक म्हणून विचाराल तर चोकवालाच घ्या म्हणीन.

पण तो मी पाठवत नाही. मैमूना म्हणाली, रामरावभाईंना गाडी नको, एकटं राहायची सोय पाहिजे. मला ते बिलकुल पटलं. म्हणून तुमचाच जुना, आतली सुई बदलून परत पाठवतोय. त्याला दुसरं माणूस लागतं. घरात दोन आहेत, हाक मारा. मला शिव्या दिल्या तरी चालतील.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सिराजोद्दीन

आष्टी, १९ डिसेंबर

प्रिय सिराजभाई,

स. न. वि. वि.

शिव्या दिल्या. कार्बोरेटर कल्याणनं बसवला अन् गाडी अंगणात तशीच उभी. हाक काही मारली नाही. काल सकाळी हट्टानं एकट्यानंच किका मारत राहिलो. पाय भरून आला, गाडी ढिम्म.

मीना भांडी घासत होती. हात धुऊन आली, गाडीपाशी बसली अन् खटका दाबला. तुला कोणी शिकवलं, मी विचारलं. अंथरूण धरायच्या आधी आत्याबाईंनी, म्हणजे झुंबरनं, तिला दाखवून ठेवलं होतं म्हणे. तुझे मामंजी कोणाला हाक मारायचे नाहीत, तूच जा, असंही बजावलं होतं. पेट्रोल आल्याचं तिनंच सांगितलं. तिसऱ्या किकला गाडी पेटली, अंगणभर धूर झाला.

ती ओलं बोट धरून उभी राहिली, कशाला पुसावं कळेना. झुंबर गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं, दहाव्यालाही नाही. ते तिचं बोट बघून आलं. मी डावी बाही पुढे केली. ती संकोचली, मग तिनं पुसलं.

भाभींना सांगा, त्यांचं बरोबर होतं. फोन करा, आता उचलीन.

तुमच्या मायेतला,
रामराव