करवतीला जोर

३ फेब्रुवारी

उघडली एकदाची! स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुने पेपर पसरले आणि यांच्या झाडं पाडायच्या चेनसॉचं पोट फाडलं.

महिनाभर एकच रड — "यंत्रात दम राहिला नाही." आणि बावीस तारखेला शाळेच्या मैदानातलं वाळलेलं झाड पाडायचंय. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मोठी करवत घेऊ म्हटलं तर "एका झाडासाठी?"

शेवटी मीच म्हटलं, मी वाढवते जोर. हे हसले. "अगं, तू कवळ्या करणारी बाई! इंजिनात कशाला हात घालतेस?"

"अठरा वर्षं लोकांचे दात घासतेय. हेही घासायचंच काम. फक्त हे चावत नाही."

"चावतं," म्हणाले. "आणि सोडत नाही."

५ फेब्रुवारी

परत जोडली. आधी मोजमाप. अंगणातला एकच ओंडका, साखळीला ताजी धार, आणि घड्याळ शेजारच्या आजींच्या हाती. कापला मी. यांच्याबरोबर रविवारी फांद्या मीच कापते, तेव्हा हात बसलेला आहे. चोवीस सेकंद.

मग सायलेन्सर काढला. धूर बाहेर जायचं भोक करंगळीएवढं! एवढं धावणाऱ्या यंत्राने श्वास सोडायचा कुठून? अंगठ्याएवढं केलं. ठिणग्या अडवायची जाळी मात्र परत बसवली. एकवीस सेकंद. आजी माझ्याहून खूश.

८ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरांचा फोन. हेडमास्तरांच्या कवळीचं काय झालं? सांगितलं, मेण वाळतंय. मेण कधी वाळतं का!

१० फेब्रुवारी

आज काळजाचं ऑपरेशन. सिलिंडर काढला. खालचं पॅकिंग काढून टाकलं की पिस्टन सिलिंडरच्या माथ्याच्या जास्त जवळ जातो, दाब वाढतो. पण फार जवळ गेला तर आपटेल आणि सगळंच संपेल. म्हणून पिस्टनवर डाग द्यायच्या मऊ तारेचा तुकडा ठेवला, सिलिंडर बसवून हाताने फिरवलं, चेपलेली तार मोजली. पाऊण मिलिमीटरला किंचित कमी. चालेल!

मग माझं कवळ्या घासायचं मशीन. सर्वात बारीक टोक. धूर जायची वाट थोडी रुंद केली, कडा गोल केल्या — धारदार राहिली तर पिस्टनची कडी अडकून मोडेल. तीन तास श्वास रोखून. हे दोनदा दारात येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा चहा ठेवला आणि हळूच म्हणाले, "हात छान चालतो गं तुझा."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे आज दिसलं!

१२ फेब्रुवारी

चालू झाली, किंचाळली आणि तापली. घाबरून लगेच बंद केली. प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. अशीच रेटली असती तर पिस्टन चिकटलाच असता. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा सैल केला. पुन्हा चालवली. पुन्हा प्लग. आता बिस्किटासारखा तपकिरी!

सतरा सेकंद!! आजींना मिठी मारली. त्यांच्या साडीला तेल लागलं. "जाऊ दे," म्हणाल्या, "साडी जुनीच होती, गंमत नवी आहे."

कवळीही पोचवली. हेडमास्तर बदाम फोडायला मोकळे.

१५ फेब्रुवारी

आज यांनी तोच ओंडका कापला. पंचवीस सेकंद.

पंचवीस! मी कापून बघितलं — सतरा. त्यांनी पुन्हा — सव्वीस. "आजी, घड्याळ बघा नीट," हे म्हणाले. आजी फणकारल्या. "घड्याळ ठीक आहे माझं!" हे करवत ठेवून आत गेले.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस सगळं पुन्हा खोललं. पेट्रोलची नळी, फिल्टर, क्लच. दोष सापडत नाही. डोक्याचा भुगा.

२२ फेब्रुवारी

पाडलं!!

दोर धरायला यांचा गडी पैलवान होता (नाव पैलवान, फुंकर मारली तर उडेल, म्हणून दोर दुसऱ्या झाडाला गुंडाळून धरतो). शाळेला सुट्टी, मैदान रिकामं. यांनी पडायच्या बाजूची खाच सुरेख घेतली, पण वेळ फार लागला. करवत नुसती गुरगुरत होती, ओरडत नव्हती. मग मागच्या बाजूने कापायला लागले. चार बोटं आत गेले आणि थांबले. "धूर डोळ्यांत जातोय. तू घे जरा."

बुंधा? मी? पण अर्धवट कापलेलं झाड तसंच सोडता येत नाही. घेतली. आणि कशी ओरडली ती! भुसा फवाऱ्यासारखा. हे मागे उभे, माझ्या खांद्यावर हात. "सावकाश... तिथे लाकूड शिल्लक ठेव... पाचर ठोकतो... आता बाजूला हो!"

झाड कण्हलं, कललं आणि मैदानाच्या बरोबर मध्ये आडवं झालं. वर्गाची काचसुद्धा हलली नाही. पैलवान नाचला. माझं हसू थांबत नव्हतं. माझं इंजिन!

२३ फेब्रुवारी

सकाळी हे टेबलाशी येऊन बसले. उजवा हात माझ्यापुढे ठेवला. तीन बोटं खडूसारखी पांढरी.

"यंत्राला काही झालंच नव्हतं गं. वर्ष झालं, बोटं बधिर होतात. वेग द्यायचा ट्रिगर पुरता दाबलाच जात नाही. करवतीचा तीस वर्षांचा हादरा आहे हा. डॉक्टर म्हणाले, करवत बंद."

मी ती बोटं माझ्या हातांत धरून ठेवली. कितीतरी वेळ.

मग म्हणाले, "गुरुवारी दवाखान्यामागचं झाड आहे. मी दोर धरतो. बुंधा तुझा."