चौदा नंबरच्या मागावरची रेघ

ता. ९ मार्च, रविवार

प्रिय धोट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. तुझा पत्ता तुझ्या सुनेकडून घेतला, तिला रागावू नकोस. नऊ वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आधी आनंदाची बातमी. तुझ्या भाचीने मैदान मारलं. तिचं ते स्टार्टअप (मी ‘दुकान’ म्हणते आणि ती चिडते) आता नावारूपाला आलंय. मागावर आडवी कॅमेऱ्यांची पट्टी बसवतात. आपण अख्खा तागा विणून झाल्यावर टेबलावर ओढून ओढून जे दोष शोधायचो, ते हे यंत्र विणता विणताच पकडतं आणि माग थांबवतं. परवा एका मोठ्या गिरणीने पूर्ण खात्यासाठी यंत्रं मागवली. तिथला विणकाम मास्तर म्हणजे चेहऱ्यावरची रेषाही न हलणारा माणूस, पण तुझ्या भाचीला ‘मॅडम, बसा ना’ म्हणाला. मी मागेच उभी होते. ऊर भरून येतो म्हणजे काय होतं ते मला या वयात कळलं, रे.

त्यांचं ऑफिस म्हणजे शटर दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. जिन्याला कठडा नाही, आत वायरींचा नुसता गुंता. लेकीबरोबर एक भागीदार आहे, मी त्याला चष्मेवाला म्हणते. तो कॉम्प्युटरचं बघतो. कॉम्प्युटरमध्ये पठ्ठ्या हुशार, पण उभ्या धाग्यांचा ताणा कुठला आणि आडव्यांचा बाणा कुठला हे काही त्याला सांगता येत नव्हतं. मीच शिकवलं. आठ महिने रोज सकाळी तिथे जाते, माझ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवलीय.

या यंत्राला जन्मजात अक्कल नसते. चांगलं कापड कुठलं, खराब कुठलं, हे हजार वेळा दाखवावं लागतं, तेव्हा कुठे ते ओळखायला लागतं. आपल्या जुन्या गिरणीचं खातं बंद झालं तेव्हा माझ्या तपासणीच्या वह्या रद्दीत चालल्या होत्या. त्या लेकीने उचलून आणल्या. प्रत्येक ताग्याच्या सुरुवातीचा वीतभर तुकडा आम्ही वहीत चिकटवायचो, खाली मागाचा नंबर, तारीख आणि माझा शिक्का, पास किंवा नापास. एकतीस वर्षांचे तुकडे. चष्मेवाल्याने भीत भीत विचारलं, हे शिक्के एकदा तपासून घ्यायचे का? मी म्हटलं, डोळे झाकून घे, शिक्का माझा आहे.

तो तोरा नडला.

त्या मोठ्या गिरणीतल्या पहिल्या चाचणीत यंत्राने तुटलेले धागे पकडले, तेलाचे डाग पकडले. पण थांबलेला माग पुन्हा सुरू करताना जी फिकट आडवी रेघ उठते ना, ती बिनधास्त सोडून दिली, आणि तीही दर वेळी. मास्तर म्हणाला, महिन्याने या, तेव्हाही जमलं नाही तर पुन्हा येऊ नका. चष्मेवाला रडकुंडीला आला. लेक दोन दिवस त्या वह्यांत डोकं घालून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. रेघेचे तुकडे जवळजवळ सगळे एकाच मागाचे होते, आणि एक सोडून सगळ्यांवर माझा ‘पास’. यंत्राचा काय दोष? ही रेघ म्हणजे दोष नव्हे, असं त्याला मीच शिकवलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “चौदा नंबरवर मामा होता ना?”

आता लिहायलाच हवं. इतका वेळ बातम्या सांगत बसले, ते इथवर येणं टळावं म्हणूनच.

तुझी समजूत अशी, की तुझ्या हातून एकदाच रेघ राहिली आणि सख्ख्या बहिणीने नेमका तोच तागा नापास करून तुला मागावरून गठ्ठे बांधायला धाडलं. तसं नव्हतं. त्याआधी दोन वर्षं तुझ्या कापडावर रेघ येत होती. एकोणचाळीस तागे मी पास केले. माझी भावजय गेल्यापासून तुझं लक्ष थाऱ्यावर नाही, माग सुरू करताना हात चुकतो, असं मी धरून चालले. रेघ ताग्याच्या सुरुवातीच्या टोकाला असते, ते टोक शिंपी कापूनच टाकतो, कुणाचं काय बिघडतं, अशी मनाची समजूत घालायची आणि शिक्का मारायचा.

मग चाळिसावा नापास का केला? त्या दिवशी मॅनेजर माझ्या पाठीशी उभा होता. मुख्य तपासनीस नेमायची होती, आम्हा दोघी तपासनिसांतून एक. माझं बोट रेघेवर आलं आणि त्याची नजरही. मी शिक्का मारला. खुर्ची मला मिळाली. तू नुसतं एवढंच म्हणालास, की ताई, एकदा मला सांगायचंस तरी. आणि मी तुला नियम ऐकवले. कुठल्या तोंडाने ऐकवले, देव जाणे.

हे सगळं मी त्या दोघांना वहीकडे बघत सांगितलं. वाटलं, आता उशीसकट खाली पाठवतात. लेक म्हणाली, चल, पहिल्या पानापासून बघू. तीन आठवडे आम्ही एकेक शिक्का पुन्हा तपासला. दुसऱ्या चाचणीत पहिलीच रेघ उठली आणि यंत्राने माग खाडकन थांबवला. मास्तरला ती भिंग लावल्यावर दिसली.

पण पत्र त्यासाठी नाही. हे सगळं करताना यंत्राने प्रत्येक रेघेची रुंदी मोजली. तुझे चाळीस तुकडे तारखेने लावले, तर रेघ केसाकेसाने रुंद होत गेलेली, एकदाही कमी न होता. लेक म्हणाली, “आई, माणसाचा हात इतका एकसारखा चुकत नाही. मागाचा ब्रेक झिजत होता.” माझा विश्वास बसेना. मी ते तुकडे मास्तरकडे घेऊन गेले. त्याने एका नजरेत तेच सांगितलं.

तुझा हात चुकलाच नव्हता, धोट्या. मी पहिलाच तागा नापास केला असता, तर दुसऱ्या दिवशी माग दुरुस्त करणारा जॉबर येऊन अर्ध्या तासात ब्रेक बदलून गेला असता आणि तू मानाने निवृत्त होईपर्यंत चौदा नंबरवर राहिला असतास. मी मात्र तुला सांभाळून घेतेय म्हणून मनातल्या मनात फुशारत होते. तू चाळिसाव्याचा राग धरलास. खरा धरायचा तो आधीच्या एकोणचाळिसांचा.

लेकीने यंत्रात एक गोष्ट मुद्दाम बसवून घेतलीय. रेघ रुंद होत चालली की ते आधी जॉबरला बोलावतं, विणकराच्या नावाने काही लिहीत नाही. आता कुठल्याही गिरणीत हे यंत्र बसलं की तिथल्या विणकराची नोकरी तुझ्या चाळीस तुकड्यांमुळे वाचेल. मला तिचा फार अभिमान वाटतो. तुझाही वाटतो, आणि तो सांगायचा हक्क मी घालवलाय हे मला ठाऊक आहे.

तू उत्तर द्यावंस म्हणून हे लिहिलं नाही. हे तुला कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं, ते देते. चौदा नंबरच्या मागावरच्या विणकराच्या कामात मला कोणताही दोष आढळला नाही.

मुख्य तपासनीस (निवृत्त),
आणि तू म्हणशील तर,
तुझी ताई